वहिनी, तुझ्या हातचे कान

वहिनी, आधी कामाचं सांगून टाकते, म्हणजे मग बोलायला मी मोकळी. गॅसची टाकी बंद केली आहे. दूधवाल्याला सध्या नको म्हणून सांगितलं. पुढच्या दारातल्या सब्जाला आणि मागच्या तुळशीला रोज पाणी घालायचं तुझ्या हाताखालच्या कमळने कबूल केलं आहे. टेबलांवरची मेणकापडं पुसून, गुंडाळून माळ्यावर ठेवली. हॉटेलची पाटी उतरवायची का, असं दोघातिघांनी विचारलं. पाटीला हात लावायचा नाही, असं मी सांगितलं आहे.

तू असतीस तर पदराला हात पुसत म्हणाली असतीस, "झाली का वन्सं तुमची यादी? आता बसा आन् दोन घास खा."

बसलेय. तुझ्याच ओटीवर, खिडकीकडच्या टेबलाशी. दहावं परवा झालं. पाहुणे गेले. माझी मंजू आतमध्ये कमळला मदत करते आहे. आणि मला, जिला दिवसाचं काम सकाळी सातला कागदावर लागतं, तिला आज इथून उठून पुढे काय करायचं ते सुचत नाही. म्हणून तुझ्याशी बोलते. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, ते मला संपवायचं आहे. माझ्या बाजूने का होईना.

भेटायला येणारे सगळे एकच विचारतात. रोह्यासारख्या गावात इटालियन हॉटेल चाललं तरी कसं? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते, कारण खरं उत्तर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. ते मागच्या पडवीत सुरू झालं.

माझा दादा गेला तेव्हा तू पस्तिशीही गाठलेली नव्हतीस. त्याआधी रोह्यात कुणाकडे लग्न ठरलं की पहिला निरोप तुला यायचा. गव्हल्याच्या मुहूर्ताला पाच सवाष्णी बसायच्या, त्यात तू असायचीसच. गडबहून माहेरची कला घेऊन आली होतीस. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, फणीवर वळवलेले फणुले, आणि नखुले तर तुझेच. रव्याच्या घट्ट कणकेची गोळी अंगठ्याने सुपावर दाबली की तिची अशी इवलीशी वाटी व्हायची. तुझे दहा होईपर्यंत मी एक करायचे आणि तो पोळीच्या तुकड्यासारखा दिसायचा. "वन्सं, तुमी आपल्या याद्या करा," म्हणायचीस.

दादा गेला आणि मुहूर्ताचं बोलावणं थांबलं. ते मला अपेक्षितच होतं. पण पुढचं नव्हतं. मुहूर्ताला पाच जणींनी पाच-पाच नखुले केले की विधी होतो, पण खिरीला आणि रुखवताला पुरेल एवढे करणार कोण? ती कणीक फडक्यात गुंडाळून मागच्या दाराने तुझ्याकडे यायची. ओटीवर नको, पडवीत बसून करून दे. तू द्यायचीस. मी एकदा चिडले तर म्हणालीस, "कणकेला काय ठावं गो, कोन पुढल्या दारी बसलं आन् कोन मागल्या?"

त्याच पडवीत तुला रोझाबाईने गाठलं.

गावाबाहेरच्या कंपनीत नवीन मशिनं बसवायला इटलीहून माणसं आली होती. त्यातल्या एका फिटरच्या बायकोला गेस्ट हाऊसचं जेवण सोसेना, म्हणून कुणीतरी आपला वरचा मजला सुचवला. मी लगेच होकार दिला, तू "बघू" म्हणालीस, आणि तुझं बघून होईपर्यंत रोझाबाईच्या बॅगा जिना चढल्या होत्या. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. तिला आपली भाषा येत नव्हती, तुला तिची. दोघींनाही त्याची फारशी अडचण वाटलेली मी पाहिली नाही.

तो कानाचा किस्सा तू इतक्यांदा सांगितला आहेस की तो मी पाहिलाच आहे असं मला वाटतं. तू शेजारच्या लग्नाचे नखुले करत बसलेली. रोझाबाई कपडे वाळत घालायला खाली आली, सुपाकडे बघितलं आणि ओरडलीच. एक नखुला उचलला, तो तुझ्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी ओढायला लागली. नखुला, कान. नखुला, कान. डोळ्यांत पाणी.

तू काय समजलीस? बाईचा कान ठणकतोय. तू उठलीस, पळीत तेल घेतलंस, लसणाची पाकळी टाकून कोमट केलंस, तिला पाटावर बसवलंस, मान वाकडी केलीस आणि दोन थेंब सोडलेस. वर कापसाचा बोळा. तीही बिचारी मान वाकडी करून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला वाटलं असावं, या घरात पहिल्यांदा पडवीत आलेल्या पाहुणीचं असंच स्वागत करतात.

दुसऱ्या दिवशी ती कापसाचा बोळा कानात तसाच ठेवून आली, सुपाशी बसली, तुझ्या कणकेतली गोळी घेतली आणि बोथट सुरीने ओढून, अंगठ्यावर उलटी करून तुझ्या नखुल्याशेजारी ठेवली. हुबेहूब. जरा मोठा एवढंच. मग पुन्हा आपला कान दाखवला. तिच्या गावाकडे नखुल्यांना कान म्हणतात आणि रोज जेवायला खातात, हे तुला तेव्हा उमगलं. तुझा पहिला प्रश्न मला फार आवडतो. "रोज? लग्नाबिगर?"

रोझाबाई वर्षभर राहिली. तेवढ्यात तुम्ही दोघींनी काय काय केलंत! खडेमीठ घालून पाणी उकळायचं, चव बघायची, तिने नाक मुरडलं की आणखी मूठभर. तू मला सांगितलंस, "खाडीच्या पान्यावानी झालं की ती हसते." टोमॅटो उकडून, सालं काढून, लसणावर आटवायचे. तिला हवा तो पाला काही मिळेना. मग एक दिवस शेजारच्या खालाच्या परसातून ती नाचत पाला घेऊन आली आणि तू दार अडवून उभी. "तुळस शिजवते ही बया! माझ्या घरात!" शेवटी खालाच आली तुझी समजूत घालायला. "अगं तुळस नाय ती, सब्जा हाय. शरबतात बी टाकत नायस काय?" तेव्हापासून तुळस मागच्या दारी आणि सब्जा पुढच्या दारी. दोघींचा मान राहिला, असं तू म्हणायचीस.

आणि सोडे, आपली सुकी सोललेली कोलंबी. ते तुझं. रोझाबाई आजारी होती म्हणून तू स्वतःच्या मनाने टोमॅटोत भिजवलेले सोडे टाकलेस, कांदा परतून. तिने अंथरुणातच ताट पुसून खाल्लं. वालाचे कानही तसेच. बिरडं उरलं होतं म्हणून त्यात कान टाकलेस, आणि ती तुझ्या गळ्यात पडली. तिच्याकडेही म्हणे असंच करतात. रोह्याचे कडवे वाल तिने जाताना पिशवीभर नेले.

ती गेली आणि जिना रिकामा झाला. मी रविवारी सासरहून, पेणहून आले तेव्हा तू पडवीत बसून सूप पुढ्यात घेऊन नुसतीच कणीक मळत होतीस. मी म्हटलं, कुणाचं लग्न आहे? म्हणालीस, कुणाचं नाय. मग कशाला? तर म्हणालीस, "हातांना सवय लागली."

त्याच दुपारी कंपनीतले दोन तरुण इंजिनिअर दारात आले. रोझाबाईच्या नवऱ्याने त्यांना डब्यातले कान खायला दिले होते. मॅडम, मिळतील का? तू म्हणालीस, "बघू." मी म्हटलं, मिळतील, शनिवारी या.

यावर आपलं आयुष्यभर पटलं नाही. तुझं 'बघू' मला कधी सोसलं नाही. हो म्हटलं की मी कामाला लागते, नाही म्हटलं की खोडते. 'बघू'चं माणसाने करायचं काय? त्यावर तू म्हणायचीस, "वन्सं, भाताची पेज आटली का नाय, ते झाकण उचलून बघितल्याबिगर कळत नाय. त्याला बघू म्हनतात."

हॉटेलचं सगळं मी ठरवलं, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी ठरवत गेले आणि तू मोडत गेलीस. मी नाव काढलं होतं, 'कुंडलिका इटालियन भोजनालय'. तू म्हणालीस, शिकवलं तिनं आन् नाव नदीचं? पाटीवर 'रोझाबाई' असंच लिहायचं. पेणला मूर्तीच्या कारखान्यात आखणी करणारे आपले नानू पेंटर, त्यांच्याकडे मी रोझाबाईचा फोटो दिला. त्यांनी जन्मभर गौरी-गणपतीचे डोळे रंगवलेले. पाटी आली तेव्हा रोझाबाई हिरव्या साडीत नव्हती एवढंच. बाकी कमळासारखे डोळे, धनुष्यासारख्या भुवया, ओठांवर गौरीचं हसू. मी परत पाठवणार होते. तू पाटीसमोर उभी राहून हात जोडलेस आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. बाई खूश होईल."

मी मुंबईहून डझनभर काटे आणले. सायकलच्या दुकानाचे तात्या पहिल्या दिवशी काटा उलटसुलट करून बघत राहिले.

"वहिनी, हे दात कोराया का?"

"व्हय. पन आधी जेवा, मग कोरा."

तात्यांनी चमचा मागून घेतला. शेजारच्या टेबलावरचे इंजिनिअर काट्याने कान टोचत होते आणि ते निसटून मेणकापडावर पडत होते. तात्या त्यांच्याकडे बघून म्हणाले, "साहेब, जाळं लागंल." सगळी ओटी हसली. तेही हसले आणि त्यांनीही चमचे मागितले.

तिथेच मला कळायला हवं होतं की हे चालणार. दुसऱ्या कुठल्याही हॉटेलात माणूस शिरला की कोण किती पाण्यात ते दिसतं. कुणाला मेनूकार्ड वाचता येतं, कुणाला नाही. कुणी वेटरला हाक मारतो, कुणी खाली मान घालून चहा मागतो. तुझ्याकडे सगळेच सारखे अडाणी. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं हे कसं खातात, शिफ्टवरून आलेल्या मुलांना ठाऊक नव्हतं आणि भाजीवालीलाही नव्हतं. म्हणून लाजायचं कुणी कुणाला? कुणी हाताने खाल्लं, कुणी पावाला लावून. भाजीवालीने तर एकदा वर फरसाण घालून मागितलं. तू ते घातलंसही, आणि स्वतः चाखून बघून "बरं लागतं" म्हणालीस.

टीव्हीवर पिझ्झा बघून पोरं मागायला यायची. "तो मुंबैला," म्हणायचीस. "हितं कान." रविवारी मात्र बेकरीची भट्टी निवताना तिच्यात भाजून आणलेला टोमॅटोचा पाव असायचा. त्यासाठी कोलाडहून स्कूटरवर जोडपी यायची.

आणि पडद्यावरून आपलं केवढं भांडण! त्या काळात चांगल्या हॉटेलात फॅमिली रूम हवीच. मी कोपरा मोजला, पडद्याचं कापडसुद्धा घेतलं. निळं, फुलाफुलांचं. तू कापड हातात घेऊन विचारलंस, "हे कशाला?"

"बायकांना बसायला."

"बाया काय चोरीचा माल हायत?"

"अगं, सगळीकडे असतं. लोकांना बरं वाटतं."

"मला नाय वाटत. मी मागच्या पडवीत लई बसले. माझ्याकडं येनारी बाई खिडकीशी बसंल."

तू एवढंच बोललीस आणि भांड्यांकडे वळलीस. मी पडद्याच्या कापडाचे टेबलपुसणे केले. मग हळूहळू बायका यायला लागल्या. आधी दवाखान्यातल्या नर्सबाई ड्यूटी संपल्यावर. मग शिक्षिका. मग नुसत्याच कुणी कुणी, बाजार करून दमलेल्या, पिशव्या पायाशी ठेवून, एकट्या. रोह्यात बाईमाणसाने एकटीने बसून काही खावं अशी दुसरी जागा नव्हती. कुणाची कोण, कुठली, सोबत का नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. "टोमॅटो का सोडे?" एवढाच तुझा प्रश्न.

यातलं एक तुला मी कधी सांगितलं नाही. दर रविवारी मी पेणहून यायचे ती हिशेबाला आणि देखरेखीला, असं सगळे समजत. तूही समजत असशील. माझ्या घरी, वहिनी, मीच सगळ्यांना वाढते. सकाळी मी, रात्री मी, सणाला मी. लग्नाकार्यात तर दुसऱ्यांच्या घरीही मीच. एसटी नागोठण्याच्या पुलावर आली की मला भूक लागायला लागायची आणि खिंड ओलांडली की वाटायचं, आता कुणीतरी मला वाढणार आहे. तू ताट आणायचीस. कडेला पोह्याचा पापड भाजून, कारण मीच पेणहून आणलेला असायचा. "खा गरम गरम, मग बोला." ताट संपेपर्यंत मी तुला एकही सूचना द्यायचे नाही. आठवड्यातली तेवढीच वेळ. मी देखरेखीला येत नव्हते गं.

मंजूचं लग्न ठरलं तेही इथेच. माझ्या मुलीने मुळी सांगितलंच होतं, पोह्यांची बशी घेऊन मी बाहेर येणार नाही. मग कुठे भेटायचं? मंजू म्हणाली, मामीकडे. मुलाकडचे नदीपलीकडच्या अष्टमी गावचेच. मुलगा हसरा. त्याची आई शाळेत गणित शिकवणारी, कडक, साडीची घडीसुद्धा न मोडणारी. मला धाकधूक. तू मात्र नेहमीसारखी पदर खोचून विचारलंस, "टोमॅटो का सोडे?"

विहीणबाईंनी सोडे सांगितले. पहिला कान चमच्यातून निसटला आणि थेट त्यांच्या पर्सवर. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर त्या दुसरा खात होत्या. मग तिसरा. मग त्यांनी ताटाकडे नीट बघितलं.

"हे नखुले ना हो? आमच्याकडे लग्नाच्या खिरीत असतात."

तू म्हणालीस, "हे बिनलग्नाचे."

त्या हसल्या. त्या हसतात हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी दुसरं ताट मागितलं, आणि मंजूने माझ्या पायावर टेबलाखालून पाय दिला, म्हणजे झालं.

त्याच संध्याकाळी मी तुला म्हटलं की मंजूच्या गव्हल्याच्या मुहूर्ताला पहिला नखुला तू करायचास. माझ्या मनात त्यावर दुसरा विचारसुद्धा नव्हता. मंजूला चालायला तू शिकवलंस. तिची एकुलती एक मामी तू. तू भांडी घासत होतीस, थांबलीस.

"मुहूर्त तुमी करा. बाकीचे मी करून देते की, नेहमीसारखे."

"मागच्या पडवीत बसून?"

"तिथं वारा बरा असतो."

"वहिनी, अख्खं रोहा तुझ्या हातचं खातं."

"खातं ना. तिथं कोन मुहूर्त काढतं? आवडलं तर येतात, नाय तर नाय. हे तसं नाय वन्सं. हा पोरीचा संसार."

"तू मानतेस हे सगळं?"

"मी नाय मानत."

"मग?"

तू नळ बंद केलास. "माननारी मानसं हायत. उद्या तिच्या घरात दूध नासलं तरी कोनीतरी म्हनंल, पहिला हात कुनाचा होता? मी नाय ऐकायची, तुमी नाय ऐकायच्या. पन ते पोरीला ऐकावं लागंल. रोज. माझ्या नावानं."

तरी मी हटले नाही. मी पुढचे तीन रविवार तोच विषय काढला. लाडीगोडी केली, ओरडले, मंजूला पुढे घातलं. मंजू तुझ्या गळ्यात पडून म्हणाली, मामी, तू नाही तर मुहूर्तच नको. तू तिची बट कानामागे सारलीस. शेवटच्या रविवारी मी एसटीत चढले तरी खिडकीतून तेच विचारत होते. गाडी हलली. तू हात वर केलास आणि म्हणालीस, "बघू."

आणि मग शुक्रवारी कमळच्या भावाचा फोन आला.

वहिनी, मला तुझा रागच आला होता. रडू नंतर आलं. आधी राग. असं मधेच उत्तर न देता कुणी जातं का?

आज सकाळी मी फडताळ आवरायला घेतलं. कमळ डबे खाली काढून देत होती. सगळ्यात मोठा, तो पत्र्याचा, नेहमीचा, उचलताना तिला जड गेला. झाकण काढलं. काठोकाठ कान. चैत्राच्या उन्हात खडखडीत वाळलेले, आतून तुझ्या अंगठ्याच्या रेषा उमटलेले. कमळ म्हणाली, "हे वहिनींनी गुरवारी उचलले गच्चीवरून. शनवारच्या गिऱ्हाइकासाठी."

मी डब्यापाशी खाली बसले. मंजू आली आणि तीही बसली. आम्ही दोघी डब्यात बघत होतो आणि दोघींच्या मनात एकाच वेळी तेच आलं असावं, कारण तिने मूठभर उचलून माझ्या हातात घातले आणि म्हणाली, "आई, हे नखुलेच आहेत."

आहेतच. तोच रवा, तेच सूप, तोच अंगठा. फक्त बिनलग्नाचे.

तू हे लग्नासाठी केलेले नाहीस, हे मला माहीत आहे. उगाच तसं म्हणणार नाही. तू हे शनिवारी येणाऱ्या तात्यांसाठी आणि नर्सबाईंसाठी केलेस. पण ओटीवर बसून, पुढचं दार उघडं ठेवून केलेस, आणि कुणासाठी केले असतेस तरी असेच केले असतेस. मला तेवढं पुरे आहे. मी ठरवलं. मुहूर्ताला पाच सवाष्णी बसतील, मंजूच्या काकवा, आत्या, ज्यांना हौस आहे त्या सगळ्या. पण मंजूच्या खिरीत पहिली मूठ या डब्यातली पडेल. तुझे आधी. पाच जणींचे मागाहून.

राहिली तुझी शंका. ती खरी होती. लपवून केलं असतं तर तुझंच म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून मी चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या बूथवर गेले आणि विहीणबाईंना फोन लावला. काही मागेपुढे न करता सांगितलं. "माझ्या वहिनीच्या हातचे नखुले आहेत. मंजूची मामी. गेली ती. खीर त्यांचीच होणार आहे, पहिली मूठ तीच. तुमच्याकडे कुणाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा. मंजूला मागाहून ऐकवलेलं मला चालणार नाही."

फोनवाला मीटरकडे बघत होता, मी बाहेर बघत होते. समोर तुझी ती पाटी, कमळासारखे डोळे, गौरीचं हसू.

"त्या दिवशीचे ते?" विहीणबाई म्हणाल्या. "कान?"

"हो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांचा गणिताच्या बाईंचा आवाज परत आला.

"आमच्याकडची माणसं खूप आहेत. पुरतील का?"

वहिनी, मी तुझी नणंद. माझ्याकडे पाहुण्यांचा आकडा होता, डब्याचं वजन होतं, माणशी किती वाढायचं तेही होतं. उत्तर तोंडावर होतं.

मी म्हटलं, "बघू."